विद्यापीठ उंबरठा ओलांडते तेव्हा

विद्यापीठाचे नाव खेड्यात निघते ते बहुधा दोन वेळा. एकदा कुणाच्या मुलाचा निकाल लागतो तेव्हा, आणि दुसऱ्यांदा कुणाच्या मुलाचा निकाल राखून ठेवतात तेव्हा. एरवी विद्यापीठ म्हणजे दूर शहरातली एक मोठी इमारत, तिच्यापुढे बाग, आणि आत परीक्षांचे गठ्ठे. त्या इमारतीचा आपल्या शिवाराशी, आपल्या विहिरीशी, आपल्या शाळेशी संबंध काय, असा प्रश्न सहसा कुणी विचारीत नाही. विचारला तर उद्धटपणा होईल, असेही पुष्कळांना वाटत असावे.

हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या विणकरांनी आणि खाणकामगारांनी विचारला होता. त्यांनी तो मोर्चा काढून विचारला नाही. व्याख्यानाला येऊन, शेवटपर्यंत बसून, मग हात वर करून विचारला. त्या हात वर करण्यातून पुढे काय काय घडले, त्याची हकिकत येथे सांगावयाची आहे. हकिकत परमुलुखाची आहे, पण शेवटी ती पुण्याजवळ पवनेच्या काठी येऊन पोचते, म्हणून थोडा धीर धरा.

१८६० च्या सुमारास इंग्लंडात ऑक्सफर्ड आणि केंब्रिज ही दोन जुनी विद्यापीठे म्हणजे जमीनदारांच्या आणि पाद्र्यांच्या मुलांची घरेच होती म्हणा ना. तेथल्या फेलोशिप आणि अधिकाराच्या जागा १८७१ च्या कायद्यापर्यंत सरकारमान्य चर्चच्या अनुयायांसाठीच राखलेल्या होत्या. स्त्रियांना तर दरवाजाच बंद. आणि त्याच वेळी उत्तरेकडे लीड्स, मँचेस्टर, शेफील्ड, रॉचडेल अशी गिरण्यांची आणि भट्ट्यांची गावे भराभर वाढत होती. हातात थोडा पैसा, संध्याकाळी थोडा वेळ आणि डोक्यात पुष्कळ प्रश्न असलेली लाखो माणसे तेथे राहत होती. देशाची संपत्ती एकीकडे तयार होत होती आणि विद्या दुसरीकडे साठत होती.

केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात जेम्स स्टुअर्ट नावाचा एक तरुण फेलो होता. मूळचा स्कॉटलंडचा, गणिताचा माणूस, वय अवघे चोवीस. १८६७ साली उत्तरेकडच्या काही स्त्रियांनी त्याला व्याख्यानांसाठी बोलावले. ॲन क्लफ आणि जोसेफिन बटलर या दोघी त्या खटपटीत पुढे होत्या. मुलींच्या शाळांतून शिकवणाऱ्या शिक्षिकांना स्वतःला काही शिकायला मिळावे, ही त्यांची इच्छा. लीड्स, शेफील्ड, मँचेस्टर आणि लिव्हरपूल अशा चार शहरांत स्टुअर्टने आगगाडीने फिरून व्याख्याने दिली. शिक्षकबंधुभगिनींनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे, की विद्यापीठाला पहिल्यांदा घराबाहेर काढले ते शिक्षिकांनी.

यातली एक गंमत सांगतो. व्याख्यान झाल्यावर तोंडी प्रश्न विचारून कुणाला किती समजले ते पाहावे, असे स्टुअर्टच्या मनात होते. पण तरुण व्याख्याता आणि तरुण मुली यांच्यात भर सभेत प्रश्नोत्तरे होणे हे त्या काळच्या रीतीभातीला धरून नव्हते. तेव्हा त्याने प्रश्न छापून वाटले आणि उत्तरे लिहून टपालाने पाठवा म्हणून सांगितले. व्याख्यानाचे मुद्देही तो छापून देऊ लागला. लाजेकाजेतून निघालेली ही युक्ती पुढे इतकी रुजली, की छापील टाचण आणि लेखी उत्तरे ही या साऱ्या चळवळीची खूणच होऊन बसली. पुढे पोस्टाने शिक्षण देणाऱ्या ज्या संस्था निघाल्या, त्यांचाही गाडा याच दोन चाकांवर चालला.

आता रॉचडेलला जाऊ. हे नाव आपल्याकडच्या सहकारी चळवळीतल्या कार्यकर्त्यांना पाठ असते. १८४४ साली तेथल्या अठ्ठावीस विणकरांनी आणि कारागिरांनी मिळून सहकारी दुकान काढले आणि तेथून सहकाराची गंगा जगभर वाहिली. त्या दुकानाच्या मंडळींनी स्टुअर्टला ज्योतिषशास्त्रावर बोलायला बोलावले. ज्योतिष म्हणजे पत्रिकेचे नव्हे, आकाशातल्या ग्रहताऱ्यांचे. त्याने मोठमोठ्या आकृत्या भिंतीवर टांगल्या, व्याख्यान दिले, आणि गाडी गाठायची म्हणून घाईघाईने निघाला. जाताना सभागृहाच्या राखणदाराला म्हणाला, आकृत्या पुढच्या आठवड्यापर्यंत राहू देत तशाच.

पुढच्या आठवड्यात तो आला तेव्हा राखणदाराने त्याला सांगितले, की आकृत्या ठेवून गेलात ते फार बरे केलेत. आठवडाभर कामावरून सुटलेली माणसे येत होती, भिंतीपुढे उभी राहून वाद घालीत होती. त्यांचे पुष्कळ प्रश्न साठले आहेत. तुम्ही व्याख्यानाच्या आधी थोडे लवकर येऊन त्यांच्याशी बोलाल काय?

स्टुअर्ट लवकर आला. त्या बैठकीतून ‘वर्ग’ निघाला. व्याख्यान वेगळे आणि वर्ग वेगळा. व्याख्यानात एक बोलतो आणि बाकीचे ऐकतात. वर्गात ऐकणारे बोलतात आणि बोलणाऱ्याला ऐकावे लागते. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा शोध हाच. तो केंब्रिजच्या पंडितांनी लावला नाही, रॉचडेलच्या कामगारांनी आणि त्यांच्या राखणदाराने लावला. पंडिताचे श्रेय एवढेच, की त्याला तो पटला.

१८७१ मध्ये स्टुअर्टने केंब्रिजपुढे मागणी मांडली, की हे काम एकट्यादुकट्याने करण्याचे नव्हे, विद्यापीठाने ते आपले म्हणून अंगावर घ्यावे. निरनिराळ्या गावांचे अर्जही गेले. विद्यापीठाने पुष्कळ विचार केला. विद्यापीठे तो करतातच. शेवटी १८७३ च्या शरदात नॉटिंगहॅम, डर्बी आणि लेस्टर या तीन शहरांत केंब्रिजचे रीतसर अभ्यासक्रम सुरू झाले. याला त्यांनी विद्यापीठ-विस्तार असे नाव दिले. लंडनने १८७६ मध्ये आणि ऑक्सफर्डने १८७८ मध्ये तोच मार्ग धरला. ऑक्सफर्डने तर व्याख्यात्याबरोबर पुस्तकांची पेटी पाठवण्याची प्रथा पाडली. व्याख्याता परत जाई, पेटी मात्र अभ्यासक्रम संपेपर्यंत गावात राही. ऑक्सफर्डचे हे काम १८८५ पासून दहा वर्षे ज्याने सांभाळले तो मायकेल सॅडलर पुढे आपल्याकडेही आला. १९१७ च्या कलकत्ता विद्यापीठ आयोगाचा अध्यक्ष तोच.

व्याख्यानांनी गावांची भूक भागली असे मात्र झाले नाही, उलट ती वाढली. नॉटिंगहॅमच्या लोकांना वाटू लागले, की पाहुणा मास्तर आठवड्यातून एकदा येतो, तो कायमचा का राहू नये? एका नाव न सांगणाऱ्या दात्याने दहा हजार पौंड देऊ केले, नगरपालिकेने इमारतीचा भार उचलला, १८७७ साली कोनशिला बसली आणि १८८१ साली कॉलेज उघडले. एकाच इमारतीत कॉलेज, सार्वजनिक वाचनालय आणि संग्रहालय. शेजारच्या कोळसाखाणीतल्या एका मजुराचा मुलगा पुढे येथे शिक्षकाचा अभ्यासक्रम पुरा करून गेला. कादंबरीकार डी. एच. लॉरेन्स तो हाच. या कॉलेजचे १९४८ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाले. शेफील्डचेही असेच. विस्तार-व्याख्यानांच्या पाठबळावर मार्क फर्थ या पोलादाच्या कारखानदाराने १८७९ मध्ये कॉलेज काढले, आणि त्याचे १९०५ मध्ये विद्यापीठ होताना गावच्या कामगारांनी पेनी-पेनी वर्गणी दिली. म्हणजे विद्यापीठ गावाला गेले, आणि गावाने स्वतःचे विद्यापीठ उभे केले.

येथवर सगळे गोड वाटते. पण इतिहास सांगायचा तर कडू घासही वाढला पाहिजे.

नॉर्थंबरलंड हा इंग्लंडच्या उत्तर टोकाचा कोळशाचा प्रदेश. १८८० च्या दशकात तेथल्या खाणकामगारांनी आपापल्या वस्त्यांत केंब्रिजचे वर्ग चालवले. पैसे त्यांनीच गोळा केले, खोल्या त्यांनीच पाहिल्या. विस्तारकार्याचा एक धुरीण आर. डी. रॉबर्ट्स याने १८९१ साली लिहिलेल्या अहवालवजा पुस्तकात दोन भावांची हकिकत दिली आहे. दोघेही खाणीत काम करणारे. व्याख्यानाचे गाव त्यांच्या वस्तीपासून पाच मैल. जाताना आगगाडी मिळे, पण येताना सोयीची गाडी नसे. तीन महिने, दर आठवड्याला, अंधारात, खड्ड्यांच्या रस्त्याने ते पायी परत येत. एकदा वादळात रस्ते पाण्याखाली गेले, दोघे वाट चुकले आणि कमरेएवढ्या पाण्यात सापडले. तरी पुढच्या आठवड्याची फेरी चुकली नाही. परीक्षेत दोघांनी नाव काढले, आणि अखेरीस आपल्याच वस्तीत व्याख्यानांचे केंद्र आणले. दिवसभर जमिनीखाली कोळसा खणून पाच मैल चालणे म्हणजे काय, हे पावसाळ्यात ओढा ओलांडून शाळेला जाणाऱ्या मुलांच्या आईबापांना सांगावे लागणार नाही.

आणि हे वर्ग बंद कशाने पडले? १८८७ साली नॉर्थंबरलंडच्या खाणींत मोठा संप झाला. मजुरी थांबली. पोटाला नाही तेथे व्याख्यानाची वर्गणी कोण देणार? वर्ग मोडले ते मोडलेच. उत्साह कमी पडला नव्हता, बुद्धी कमी पडली नव्हती. कमी पडले ते शिलिंग. केंब्रिज व्याख्याता पाठवी, पण त्याचे मानधन, प्रवासखर्च आणि जागेचे भाडे गावाने द्यायचे अशी पद्धत होती. ज्या गावात खाऊनपिऊन सुखी मंडळी असत तेथे दुपारची व्याख्याने भरत, तिकिटे खपत. जेथे गरज सर्वांत अधिक तेथे मात्र केंद्र टिकेना. विद्यापीठाने उंबरठा ओलांडला खरा, पण चालायचा खर्च शेजाऱ्याच्या माथी मारला.

ही खोच ज्याला नेमकी कळली तो विद्यापीठातला नव्हता. अल्बर्ट मॅन्सब्रिज हा सुताराचा मुलगा. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. पुढे सहकारी भांडारात कारकून झाला. विस्तार-व्याख्यानांना तो जाई, आणि आपल्यासारखी माणसे तेथे किती थोडी आहेत हे पाही. १९०३ मध्ये त्याने कामगारांच्या उच्च शिक्षणासाठी एक संघटना काढली. तिचे पहिले भांडवल किती? त्याची पत्नी फ्रान्सेस हिने घरखर्चातून काढून दिलेले अडीच शिलिंग! १९०५ मध्ये संघटनेचे नाव ‘कामगार शिक्षण संघ’ या अर्थाचे झाले, आणि तो संघ आजही काम करतो आहे.

मॅन्सब्रिजचे म्हणणे थोडक्यात असे होते. व्याख्याने पुष्कळ झाली, आता आम्हांला अभ्यास पाहिजे. आणि अभ्यास कशाचा, हे ठरवण्यात आमचे मत पाहिजे. १९०७ मध्ये ऑक्सफर्डला सभा भरली, चौदा जणांची समिती नेमली, त्यांत सात विद्यापीठाचे आणि सात कामगारांच्या बाजूचे. हा सातास सातचा हिशेब बारकाईने पाहण्यासारखा आहे. त्या समितीचा अहवाल १९०८ मध्ये निघाला. पण कामगार अहवालाची वाट पाहत बसले नव्हते. जानेवारी १९०८ मध्येच दोन वर्ग सुरू झाले होते, एक स्टॅफर्डशायरमधल्या लाँगटनला, जेथे चिनी मातीची भांडी होतात, आणि दुसरा, तुम्ही ओळखलेच असेल, रॉचडेलला.

या वर्गांचे नियम कडक होते. विद्यार्थी तिसाच्या आसपास, अधिक नको. तीन वर्षे यायचे. हिवाळ्यात दर आठवड्याला दोन तासांची बैठक, वर्षाला चोवीस. पहिला तास मास्तरचा आणि दुसरा तास विद्यार्थ्यांचा. दर पंधरवड्याला निबंध लिहायचा. दिवसभर चाकावर माती फिरवून किंवा मागावर उभे राहून आलेल्या माणसाने रात्री दिव्याखाली बसून अर्थशास्त्रावर निबंध लिहायचा, ही गोष्ट बोलायला सोपी आहे. आणि यातून पदवी मिळायची नव्हती, नोकरीत बढती मिळायची नव्हती. तरी माणसे आली, आणि टिकली.

त्यांचा मास्तर होता आर. एच. टॉनी. याचा जन्म १८८० सालचा, कलकत्त्याचा. वडील चार्ल्स टॉनी तेथल्या प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राचार्य आणि संस्कृतचे पंडित. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’चे इंग्रजी भाषांतर त्यांनीच केले. हा मुलगा तेव्हा ग्लासगोला शिकवीत होता. तेथून तो आगगाडीने शुक्रवारी लाँगटनला आणि शनिवारी रॉचडेलला येई. शनिवारी दुपारी गिरण्या लवकर सुटत, म्हणून वर्ग दुपारी. दुसऱ्या तासात विणकर आणि कुंभार त्याला धारेवर धरीत. मजुरीचे भाव असे का ठरतात म्हणून पुस्तकात लिहिले आहे, आमच्या कारखान्यात तर तसे ठरत नाहीत, मग पुस्तक चूक की कारखाना चूक?

टॉनीने याचे काय केले ते पाहा. सोळाव्या शतकातल्या इंग्लंडच्या शेतीवर, म्हणजे जमीनदारांनी गावची सामाईक कुरणे कुंपण घालून बळकावली आणि कुळे देशोधडीला लागली त्या काळावर, त्याने १९१२ मध्ये एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. आजही त्या विषयाचा अभ्यासक तो टाळून पुढे जाऊ शकत नाही. त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत टॉनीने मोकळेपणाने कबूल केले आहे, की आपल्या वर्गातल्या विणकरांनी, कुंभारांनी, खाणकामगारांनी जे प्रेमाचे तडाखे दिले त्यांतून पुस्तकांत न मिळणारे अर्थशास्त्र आपण शिकलो. हे विनयाचे बोलणे नव्हे. कुळांचे प्रश्न कसे विचारायचे, हे त्याला लाँगटनच्या दुसऱ्या तासाने दाखवले. विद्यापीठाने शेजाऱ्यांना काय दिले याच्या याद्या पुष्कळ निघतात. शेजाऱ्यांनी विद्यापीठाला काय दिले याची यादी केली, तर हा ग्रंथ तिच्यात वरच्या जागी बसेल.

सगळ्या कामगारांना हे रुचले असे समजू नका. ऑक्सफर्डलाच कामगारांसाठी रस्किन नावाचे कॉलेज होते. तेथल्या विद्यार्थ्यांनी १९०९ मध्ये संप केला. त्यांचा आक्षेप असा, की विद्यापीठ तुम्हांला शिकवते ते मालकांचे अर्थशास्त्र. गोड बोलून तुम्हांला आपल्यात ओढायचे, म्हणजे तुमच्यातले शहाणे लोक साहेब होतात आणि बाकीचे जागच्या जागी राहतात. ते विद्यार्थी फुटून निघाले आणि त्यांनी आपले वेगळे कॉलेज काढले. या आक्षेपात तथ्य होते की नव्हते? माझ्या मते होते. गावचा हुशार मुलगा शिकला की गाव सोडतो, हे आपल्या कोणत्या गावाला ठाऊक नाही? पण लाँगटनची मंडळी या आक्षेपाला बोलून उत्तर देत बसली नाहीत. १९११ पासून त्या वर्गात तयार झालेले विद्यार्थी आजूबाजूच्या खाणवस्त्यांत स्वतः वर्ग घेऊ लागले, तेही विनामूल्य. शिकलेला माणूस गावातच राहिला आणि मास्तर झाला. त्या वर्गांतून आमच्या भागाला आमचे विद्यापीठ हवे, ही मागणी जोर धरीत गेली आणि पुष्कळ वर्षांनी, १९४९ साली, लाँगटनपासून काही मैलांवर कील येथे कॉलेज स्थापन झाले. त्याचे पहिले प्राचार्य ए. डी. लिंडसे हे त्याच कामगारवर्गांवर शिकवलेले गृहस्थ. १९६२ मध्ये त्याचे विद्यापीठ झाले. आणि ज्या केंब्रिजने १८७३ मध्ये विस्ताराची वाट पाडली, त्याने स्त्रियांना पूर्ण पदवी द्यायला किती वेळ लावावा? १९४८ सालापर्यंत! स्टुअर्टला बोलावणाऱ्या शिक्षिकांच्या नातींना ती मिळाली.

आता आपल्या घराकडे वळू.

मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तिन्ही विद्यापीठे १८५७ सालची. ती लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर काढली होती, म्हणजे प्रारंभी ती शिकवीत नसत, फक्त परीक्षा घेत. शिकवायचे ते कॉलेजांनी. ज्या संस्थेचे काम परीक्षा घेण्यापुरते, तिला शेजार कसला असणार? तिला असतात ते उमेदवार. खेड्यात विद्यापीठ म्हटले की अजून निकालच का आठवतो, त्याचे मूळ येथे आहे.

याच्यावर बोट ठेवले ते महात्मा फुल्यांनी. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी दाखवून दिले, की सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या घामातून येतो, आणि त्यातला खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. रयतेच्या पोरांना साध्या प्राथमिक शाळाही पुरेशा नाहीत. नॉर्थंबरलंडचे खाणकामगार वर्गणी काढून विद्यापीठाला घरी बोलावीत होते, त्याच दशकातली ही गोष्ट. आपल्याकडे रयतेने वर्गणी आधीच भरली होती, शेतसाऱ्यात. फुल्यांनी पावती पुढे केली एवढेच.

पुणे शहरात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, ती अजून चालू आहे, आणि तिच्या धर्तीवर महाराष्ट्रात गावोगाव व्याख्यानमाला निघाल्या. हे आपले मोठे धन आहे. पण ती विद्यापीठाची नव्हेत, लोकांची आहेत.

पहिल्याने खेड्यात जाऊन ठाण मांडले ते पुण्याच्या शेतकी कॉलेजाने. तेथले प्राचार्य हॅरल्ड मान हे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना घेऊन पवना नदीच्या काठचे पिंपळे सौदागर हे गाव अभ्यासाला घेतले. जमीन कुणाकडे किती, तुकडे किती, विहिरी किती, कर्ज किती, घरात खाणारी तोंडे किती, याची घरोघर नोंद केली. ते पुस्तक १९१७ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथमालेत निघाले. त्यातला एक हिशेब असा: १७७१ साली त्या गावात सरासरी जमीनधारणा सुमारे चाळीस एकर होती, १८१८ मध्ये ती साडेसतरा एकरांवर आली आणि १९१५ मध्ये सात एकरांवर. गावातल्या १०३ कुटुंबांपैकी ६७ कुटुंबांचे उत्पन्न, शेतीचे आणि बाहेरच्या मजुरीचे मिळून, गरजेला पुरत नव्हते. शेतकरी आळशी म्हणून गरीब, असे ज्यांना वाटे त्यांना हे आकडे हे चांगले उत्तर होते. जमिनीच्या तुकड्यांवर पुढे सरकारदरबारी जी चर्चा झाली, आणि जिचा शेवट १९४७ च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्यात झाला, तिच्यात मान यांचे काम वारंवार पुढे आले. १९२१ मध्ये त्यांनी जातेगाव बुद्रुकचाही असाच अभ्यास प्रसिद्ध केला.

काम मोलाचे, यात शंका नाही. पण रॉचडेलची हकिकत ऐकलेल्या माणसाला एक प्रश्न पडतोच. प्रश्न कॉलेजचे होते, उत्तरे गावाची होती, आणि पुस्तक इंग्रजीत होते. ज्यांच्या कर्जाची त्यात मोजदाद होती, त्यांना ते वाचता येणार नव्हते. म्हणजे आकृत्या काढल्या, पण टांगल्या त्या दुसऱ्याच गावच्या भिंतीवर. पुढे आपल्याकडे खेड्यांची शेकडो सर्वेक्षणे झाली, अजून होतात. मुले येतात, फॉर्म भरून घेतात, चहा पितात आणि जातात. तो फॉर्म कुठे गेला, त्यातून काय निघाले, हे गावाला कुणी परत येऊन सांगितल्याचे तुमच्या ऐकिवात आहे काय?

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले हे खरे. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाले, त्याला आता सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. त्याच्या बहिःशाल शिक्षण मंडळाने तालुक्या-तालुक्याला व्याख्याते पाठवले. ‘बहिःशाल’ हा शब्दच मुळी शाळेच्या भिंतीबाहेरचे शिक्षण असे सांगतो. राहुरीला १९६८ मध्ये, अकोल्याला १९६९ मध्ये, आणि दापोली व परभणी येथे १९७२ मध्ये कृषी विद्यापीठे निघाली, आणि शिवारफेरीला शेतकरी विद्यापीठाच्या बांधावर येऊ लागले. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. तिची हिवाळी शिबिरे तुमच्याही गावात झाली असतील. मुलांनी बंधारा घातला असेल, गटार साफ केले असेल, रात्री नाटुकले केले असेल.

यात खोट काढायची नाही. पण गावोगावच्या व्याख्यानांचा माझा अनुभव असा, की सगळ्या कार्यक्रमात एकच गोष्ट वेळेअभावी गळते. हार होतात, नारळ होतो, प्रास्ताविक होते, पाहुण्यांचा परिचय पाहुण्यालाही लाजवील इतका लांबतो, व्याख्यान होते, अध्यक्षीय समारोप होतो, आभार होतात. प्रश्नांना मात्र वेळ नसतो. आभार संपायच्या आत पोरे सतरंज्या गुंडाळायला लागतात. मागे भिंतीला टेकून बसलेला एखादा म्हातारा शेतकरी, ज्याच्या मनात खरा प्रश्न असतो, तो टोपी सारखी करून उठतो आणि निघून जातो. याला केवळ गाव जबाबदार नाही. पुष्कळ व्याख्यात्यांनाही प्रश्न नको असतात. तयार भाषण दहा गावांत चालते, प्रश्न मात्र दर गावाला वेगळा निघतो आणि त्याच्यासाठी घरी जाऊन पुन्हा पुस्तके उघडावी लागतात.

शिक्षक मंडळींना यात पुष्कळ करता येण्यासारखे आहे. व्याख्यात्याला निमंत्रणाचे पत्र जाते त्यात तारीख, वार, वेळ आणि एस. टी. कुठे उतरायची एवढे असते. त्याच पत्रात गावाचे तीन-चार प्रश्न का असू नयेत? आमच्या गावच्या विहिरींचे पाणी पूर्वी मार्चपर्यंत टिके, आता संक्रांतीलाच तळ दिसतो, हे कशाने? गावच्या जुन्या देवळातल्या शिळेवर जे लिहिले आहे ते वाचून द्याल काय? गेल्या वर्षी तुमची मुले माहितीचे फॉर्म भरून घेऊन गेली, त्यातून काय निघाले ते येताना घेऊन याल काय? असे पत्र हाती पडले की व्याख्याता एक तर येण्याचे टाळील, नाही तर नीट तयारी करून येईल. पहिला प्रकार घडला तर गावाचे नुकसान होत नाही.

पिंपळे सौदागर आता पिंपरी-चिंचवड शहरात गेले आहे. मान यांनी ज्या शेतांचे तुकडे मोजले, त्यांवर उंच इमारती उभ्या आहेत. १९१७ चे ते पुस्तक मोठ्या ग्रंथालयांतून पाहायला मिळते. त्या गावची मूळची मंडळी अजून तेथे नांदत आहेत. त्यांच्या पणजोबांच्या विहिरी, बैल, देणी आणि घेणी त्या पानांत आहेत. त्यांच्यापैकी कुणी एकाने कॉलेजात जाऊन ते पुस्तक मागितले, आणि हे आम्हांला आमच्या भाषेत वाचून दाखवा म्हटले, तर नाही म्हणण्याचा अधिकार कोणत्याच कॉलेजला नाही.